कुमहेलीचा दांडा आणि पाद्रीबुवांची काठी

कुमहेली स्टेशन,
चुलीजवळच्या टेबलावरून

प्रिय नेस्टताईस,

धाकट्या लाउरीचा मनापासून नमस्कार. तुझं पत्र समुद्र ओलांडून पोचलं, कोपऱ्यावर जरा भिजलेलं, पण अक्षर शाबूत. एलिस भावोजींची पाठ आता कशी आहे? त्यांना म्हणावं, पॅटागोनियाला गेलं म्हणजे माणूस तरुण होत नाही, मेंढ्या दुसऱ्याला उचलू द्या. कालव्याला पाणी आलं हे वाचून बरं वाटलं (इथे पाणी इतकं आहे की निम्मं तुला पाठवता आलं असतं). मुली चॅपलमध्ये गातात हेही बरं. मी ठीक आहे. गुडघा पावसाच्या आदल्या दिवशी दुखतो, म्हणजे रोज दुखतो.

सगळ्यात आधी हे लिहिते की तुझा एम्रिस सुखरूप आहे. तू लहानपणापासून पत्र शेवटाकडून वाचतेस, आणि या पत्राच्या शेवटी काय असेल ते मला अजून माहीत नाही, म्हणून वरच लिहून ठेवलं. आता तुझा प्रश्न. तू विचारलं आहेस की दगडांच्या गाडीवर ब्रेक धरण्याचं एम्रिसचं काम धोक्याचं आहे का. मी छातीवर हात ठेवून ‘नाही’ लिहिलं तर तो माझ्याजवळ राहील, आणि ‘हो’ लिहिलं तर पुढच्या बोटीचं तिकीट येईल. प्रश्न सरळ आहे. एम्रिस पाच वर्षांचा असताना डांग्या खोकल्यामुळे तुम्ही त्याला माझ्याकडे ठेवून बोटीत बसलात, ‘वर्षभरात नेतो’ म्हणालात, आणि मग एकदा पूर आला, एकदा पीक गेलं, एकदा माझंच पत्र उशिरा पोचलं. आता त्याला दाढी आहे. तेव्हा उत्तरही सरळ द्यायला हवं, आणि मी ते देणारच आहे. पण त्यासाठी मंगळवारी काय झालं ते सांगावं लागेल. त्यावरून तुझ्या लक्षात येईल की आपल्या छोट्या लाइनइतकी सुरक्षित लाइन अख्ख्या वेल्समध्ये नाही.

तुला दांडा आठवतो ना? (तुझ्याकडे मोठी सपाट मैदानं, तिथे गाड्या एकमेकींना लांबूनच दिसत असतील.) इथे कुमहेलीपासून खालच्या ग्लानवर्नपर्यंत रूळ एकच, डोंगराला वेटोळं घातलेला, आणि पुढच्या वळणापलीकडचं काही दिसत नाही. म्हणून त्या टप्प्याचा दांडाही एकच. हाताएवढा, काळ्या लाकडाचा, वर पितळी पट्टी, तिच्यावर टप्प्याचं नाव. ज्या गाडीकडे दांडा तिचीच लाइन. दांडा खाली असेल तर माझ्याकडून गाडी सुटत नाही, आणि दांडा वर असेल तर खालचा स्टेशनमास्तर टुडर प्यू राजाची गाडी आली तरी सोडणार नाही. खाणीतून छपरावर घालायच्या दगडी पाट्यांनी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी इंजिनाशिवाय येतात, नुसत्या उताराच्या जोरावर, आणि त्यांना धरून ठेवायला असतात ते फक्त ब्रेकवाले: सगळ्यात पुढच्या वाघिणीवर आपला एम्रिस, मध्ये आणखी एक, सगळ्यात मागच्यावर होवेल, जो आपल्या चॅपलच्या गायकवृंदाचा प्रमुखही आहे. नियम असा की गाडीने थांबायचं, मी दांडा ब्रेकवाल्याच्या हातात द्यायचा, आणि त्याने पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचायचं. पण दगडांची गाडी थांबली की तिला पुन्हा हलवायला चार माणसं लागतात. म्हणून बाबांनी भिंतीत तो हूक ठोकला होता, आठवतो? दांडा हुकाला लावायचा, आणि एम्रिस जाता जाता हात लांब करून काढून घेतो. कंपनीच्या कुठल्याही कागदात हा हूक नाही, पण आपल्याकडे तो चॅपलच्या घंटेइतका जुना आहे.

तर मंगळवारी दुपारी धुकं, त्यात तो बारीक पाऊस जो पडत नाही, नुसता असतो. पाद्रीबुवा मेरेडिथ मोजे वाळवायला माझ्या चुलीपाशी बसले होते. खाली टुडरच्या आईला भेटायला निघाले होते, ती मरणाच्या दारात आहे म्हणून (ती मी वेण्या घालत होते तेव्हापासून त्या दारात आहे, आत जात नाही आणि बाहेरही येत नाही). मोजे वाळेपर्यंत त्यांनी मला विचारलं की गुरुवारच्या प्रार्थनेला माझी जागा रिकामी का दिसते. मी म्हटलं, पाद्रीबुवा, गुरुवारची गाडी काही चॅपलला जात नाही. ते हसले नाहीत. रविवारचं प्रवचन मनात जुळवत असले की ते हसत नाहीत, ऐकत नाहीत, आणि काय उचलतात तेही बघत नाहीत. मागे एका अंत्ययात्रेहून ते ज्याला पुरलं त्याचीच टोपी घालून घरी गेले होते. मोजे वाळले, ते उठले, दाराशेजारच्या कोपऱ्यातून काठी घेतली आणि खाणकामगारांच्या पायवाटेने खाली गेले. ती वाट सरळ कड्यावरून उतरते, रूळ जिथे डोंगराला फेरी मारतात तिथे ती नाकासमोर जाते, हे तुला सांगायला नको.

काही वेळाने वरून दगडांच्या गाडीचं शिंग वाजलं. नेमका तेव्हाच मटणाच्या सूपचा टोप उतू गेला. मी एका हाताने टोप बाजूला केला, दुसऱ्या हाताने कोपऱ्यातला दांडा घेतला, धावत जाऊन हुकाला अडकवला आणि परत चुलीकडे वळले. गाडी धडधडत आली. एम्रिसने हुकावरचं काढून घेतलं, हात हलवला आणि ओरडला, “मावशी, लीक जास्त घाल!” आणि गेला. मी लीकची जाड कांदापात चिरायला बसले. हे सगळं इतकं रोजचं होतं, ताई, की मला अजूनही आठवतं, मी त्या वेळी गुणगुणत होते.

फलाटावरच्या बाकावर शोनेड काकू बसल्या होत्या (त्या अजून तशाच आहेत, फक्त रुंद झाल्या). वर मुलीकडे जायला खालून येणाऱ्या गाडीची वाट बघत होत्या, मांडीवर मनुकांच्या पावाचा डबा. त्या दारातून डोकावल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “का गं लाउरी, पोरगा पाद्रीबुवांची काठी कुठे घेऊन चाललाय?”

मी म्हटलं, “कसली काठी?”

“चांदीच्या कड्याची. आम्ही बायकांनी मिळून दिलेली. ते कडं मी स्वतः पसंत केलं, मला नाही का ओळखू येणार?”

“काकू, तो दांडा होता.”

“तुझ्या दांड्याला मेंढीचं डोकं कधीपासून आलं?”

मी कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा रिकामा होता. माझ्या हातात अजून लीकचा देठ होता, आणि मी तो इतका घट्ट धरला की बोटांना वास आज सकाळपर्यंत होता. म्हणजे पाद्रीबुवा दांडा घेऊन खाली गेले होते आणि एम्रिस काठी घेऊन. मी मनाशी म्हटलं, काही बिघडत नाही. दांडा पाद्रीबुवांच्या हातात आहे, गाडीच्या नाही; ते तो टुडरच्या आईच्या पलंगाला टेकवून ठेवतील, आणि टुडर काही दांड्याशिवाय गाडी सोडणार नाही. हे म्हणत मी फलाटाच्या टोकाला गेले. तिथून धुकं फाटलं की ग्लानवर्न दिसतं, तळव्यावर ठेवावं एवढं. धुकं फाटलं. आणि खाली पांढरा धूर हलत होता.

दांड्याशिवाय टुडर गाडी सोडणार नाही. गाडी सुटली होती. म्हणजे दांडा त्याच्याकडे पोचला होता. (काय झालं ते नंतर कळलं. पाद्रीबुवांनी दारातच तो टुडरच्या हातात ठेवला, जशी पाहुण्याने काठी यजमानाकडे द्यावी. टुडरने पट्टी वाचली आणि समजला, लाउरीने दांडा पायवाटेने पाठवला, म्हणजे आज दगडांची गाडी येत नाही. दुसऱ्या कोणी आणून दिला असता तर त्याने दहा प्रश्न विचारले असते. पण प्रत्यक्ष पाद्रीबुवांनी आणलेल्या वस्तूवर शंका घेणारा माणूस या खोऱ्यात अजून जन्मला नाही.) तारेवरून कळवावं तर रविवारच्या वाऱ्यात तार तुटलेली, आणि कंपनीचा माणूस यायचा होता. खालून येणारी गाडी बाजाराच्या दिवसाची, बायका आणि पोरांनी भरलेली. वरून जाणारी दगडांनी भरलेली. पुढच्या वाघिणीवर एम्रिस, आणि त्याच्या कमरेला चांदीच्या कड्याची काठी.

शेडमध्ये रूळदुरुस्तीवाल्यांची ट्रॉली होती. तुला ती चांगली माहीत आहे. बाबा जेवायला बसले की आपण दोघी तिच्यावरून पहिल्या वळणापर्यंत जायचो, तू ब्रेकवर आणि मी ओरडायला. मी ती ढकलून रुळांवर आणली तेव्हा कळलं की तो ब्रेक माझ्या एकटीच्या वजनाला जुमानत नाही. मी काकूंना म्हटलं, “बसा.”

“मी वर चालले आहे,” काकू म्हणाल्या, “खाली नाही.”

“काकू, खालून गाडी सुटली आहे.”

त्यांनी धुराकडे बघितलं, डब्याचं झाकण घट्ट केलं आणि बसल्या. नंतर संपूर्ण उतारभर त्या ब्रेकच्या दांडीवर रेलून मला एवढंच सांगत राहिल्या की त्यांच्या मुलीने पाव कोरडा झाला म्हटलं तर जबाबदार मी असेन.

ताई, उताराबद्दल मी फार लिहीत नाही. वारा डोळ्यांत, पाऊस तोंडात, घागरा गुडघ्याशी बांधलेला (हे पाद्रीबुवांना अजून कळलेलं नाही), चाकाखालून ठिणग्या, आणि डाव्या हाताला नुसतं धुकं, ज्याच्या खाली आपल्याला माहीत असलेली खोल दरी. मला सारखं एकच आठवत होतं. एम्रिस लहान असताना रात्री खोकल्याने उठून बसायचा, आणि मी त्याला छातीशी धरून मोजायची, पुढचा श्वास येईपर्यंत. तसंच मी वळणं मोजत होते. प्रत्येक वळणाआधी वाटायचं, या वळणापलीकडे आवाज येईल. आला नाही की पुढचं.

मोठ्या ओढ्याच्या पुलापलीकडे शेवटी दगडांच्या गाडीची शेपटी दिसली. होवेल मागच्या वाघिणीवर पाठमोरा बसलेला, नजर पुढे, जशी असायला हवी. मी लाल झेंडी हलवली. पाठीला डोळे नसतात. मी ओरडले. वाघिणींच्या खडखडाटात माझं ओरडणं पिठात मीठ पडावं तसं गेलं. काकूही ओरडल्या. होवेलने मान हलवली, पण ती ताल धरून. तो येणाऱ्या उत्सवाचं भजन मनात घोळवत होता, हे मी त्याच्या खांद्यांवरून ओळखलं. तेव्हा शोनेड काकूंनी ओरडणं थांबवलं, छाती भरून घेतली आणि तेच भजन म्हणायला सुरुवात केली. गेल्याच महिन्यात होवेलने त्यांना खालच्या आवाजाच्या रांगेतून काढून टाकलं आहे, कारण तिसऱ्या ओळीत त्यांचा सूर उतरतो, आणि त्या गोष्टीवरून दोघांत बोलणं नाही. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. होवेल हलला नाही. तिसऱ्या ओळीत काकूंचा सूर उतरला, आणि होवेल विंचू चावल्यासारखा गर्रकन मागे वळला.

त्याने आधी काकूंकडे रागाने बघितलं, मग मला बघितलं, मग झेंडी. मग तो ब्रेकवर अक्षरशः पडला. त्याने हात वर केला, मधल्या ब्रेकवाल्याने तो बघून आपला केला, आणि त्या लांब गाडीवरून खूण पुढे गेली. लोखंड किंचाळलं. गाडी थांबायला इतका वेळ लावत होती की मला वाटलं ती थांबणारच नाही, आणि त्या किंचाळण्यापलीकडून मला दुसरा आवाज आला, इंजिनाचा, धापा टाकत चढ चढणारा.

मी ट्रॉलीवरून उतरले आणि वाघिणींच्या कडेने पुढे धावले. पुढची वाघीण थांबली होती, पण तिच्यावर एम्रिस नव्हता. ताई, त्या रिकाम्या जागेकडे मी किती वेळ बघितलं हे मला सांगता येणार नाही. नंतर कळलं की गाडी पुरती थांबायच्या आधीच त्याने इंजिन ऐकलं होतं. उडी मारून बाजूच्या दगडांत जायला जागा होती, प्रत्येक ब्रेकवाल्याला तेच शिकवतात. तो उडी मारून रुळांवरच गेला आणि इंजिनाच्या दिशेने पळत सुटला, गळ्यातला लाल रुमाल हातात धरून, धुक्यात. मला दिसत नव्हता. फक्त त्याच्या बुटांचा आवाज खडीवर, लांब जाणारा. मग शिट्टी. मग वाफ. मग काहीच नाही.

वळणापलीकडे गेले तेव्हा इंजिन उभं होतं, आणि त्याच्यासमोर एम्रिस गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. दोघांच्या मध्ये एखादी शेळी आडवी उभी राहिली असती, पण तिला शेपटी हलवता आली नसती. वरून ड्रायव्हर तोंडाला येईल ते बोलत होता. “दांडा माझ्याकडे आहे,” तो म्हणत होता, “लाइन माझी आहे, तू कोण?” एम्रिसने कमरेची काठी काढली, वाचायला म्हणून उचलली, आणि मेंढीचं डोकं बघितलं. मग म्हणाला, “काका, माझ्याकडे पाद्रीबुवा आहेत.” बाजाराच्या डब्यातल्या बायका खिडक्यांतून हसायला लागल्या. त्यांना काय टळलं होतं ते अजून कळलं नव्हतं. ड्रायव्हर मागे जायला तयार होईना, दांडा असताना मागे जाणं हा अपमान आहे म्हणे; दगडांची गाडी इंजिनाशिवाय वर जाणार नव्हती. शेवटी काकूंनी येऊन डबा उघडला, ड्रायव्हरला पावाचा जाड काप दिला, आणि तो तोंड भरलं असताना हो म्हणाला.

एम्रिस माझ्याकडे आला. माझ्या घागऱ्याला ठिणगीने भोक पडलं होतं, ते त्याने बोटाने तपासलं, आणि म्हणाला, “मावशी, तुला भाजलं नाही ना?” त्याच्या तळहाताची साल ब्रेकने निघाली होती. मी म्हटलं, सूप उतू गेलं.

पुढे कंपनीचा साहेब आला. सगळ्यांना ओळीने उभं करून विचारलं. टुडर म्हणाला चूक त्याची, होवेल म्हणाला त्याची, मी म्हटलं माझी. पाद्रीबुवा म्हणाले की ईश्वराने त्यांच्या हातून दांडा खाली पाठवला तो काही हेतूनेच, आणि रविवारी बायबलातल्या मोशेच्या काठीवर प्रवचन दिलं. चांगलं झालं असं म्हणतात. साहेबाने हूक उखडून टाकला. आता गाडी थांबते, एम्रिस उतरतो, दांड्यावरचं नाव मोठ्याने वाचतो, आणि सगळे मिळून ढकलतात. साहेबाने त्याची पाठ थोपटली आणि त्याला खाणीच्या सगळ्या गाड्यांचा मुख्य ब्रेकवाला केलं. घरी आला तो शीळ घालत. असा आनंदी मी त्याला फार दिवसांत बघितला नव्हता.

तेव्हा तूच बघ, सगळं कसं नीट आहे. तार जोडली, हूक गेला, नियम कडक झाले, पोरगं शूर निघालं, आणि दोन गाड्यांमध्ये जागा उरली. म्हणून मी छातीवर हात ठेवून लिहिते की काम धोक्याचं नाही, आणि तिकिटाची काही गरज नाही. भावोजींना नमस्कार, मुलींना गोड पापे.

तुझी,
लाउरी

ता. क. शोनेड काकूंना होवेलने रांगेत परत घेतलं आहे. मात्र तिसऱ्या ओळीला त्यांनी नुसतं तोंड हलवायचं असं ठरलं आहे.

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. छातीवर हात ठेवून लिहिता येत नाही, ताई. एक हात लेखणीला लागतो आणि दुसरा कागद धरायला, नाहीतर तो सरकतो. म्हणजे वरची शपथ काही धरता येणार नाही. तिकीट पाठव. ते धोका आहे म्हणून पाठवू नकोस, तसं म्हटलंस तर तो मुळीच यायचा नाही. तुला डोळ्यांनी कमी दिसतं, मेंढ्या आवरत नाहीत, काय वाटेल ते लिही, पण आईची आज्ञा म्हणून लिही. मी त्याला जा म्हणू शकत नाही. म्हणायला तोंड उघडलं की मी त्याला जेवायला काय हवं ते विचारते. तो रिकाम्या वाघिणीपासून पुढे पळाला तो आवाज मला रोज येतो, गाडी वेळेवर आली तरी. त्याला थंडीत छातीला लोकर लागते, आणि उलट्या दिशेने बसवलं की बोटीत त्याला मळमळेल. पहिले काही दिवस तो तुला मावशीचं सूप चांगलं म्हणेल. म्हणू दे.

ता. क. तो आत्ताच आला. एवढं काय लिहितेस, विचारतो आहे. मी म्हटलं, हवापाणी. तो म्हणाला, आईला लिही की मावशीला एकटं टाकून मी कुठेही येणार नाही, तिकीट पाठवलंस तरी नाही. त्याने सांगितलं तसं लिहिलं आहे. तू त्याचं ऐकू नकोस.